बदामाएवढं

दांडिया बाजारात खाली झेरॉक्सचं दुकान,
वर माझं पाळणाघर.
सकाळी साडेनऊपर्यंत जिन्यात नुसता आकांत.
डबे गडगडतात, एकेक चप्पल हरवते,
एखादी आई ओढणी सोडवता सोडवता स्वतःच रडते.
त्या रडण्याचं मला काही वाटत नाही.

जूनमध्ये शर्व आला.
सव्वातीन वर्षांचा, नखं नीट कापलेली.
आत्या म्हणाली, "काही त्रास नाही हो ह्याचा.
कुठेही ठेवा, राहतो."
राहिला.
तिची स्कूटर निघाली तरी वळून पाहिलं नाही.
चपला काढून भिंतीला टाचा लावून ठेवल्या
आणि अशा जागी बसला
जिथून दार दिसतं आणि स्वयंपाकघरही.

विलासबेन म्हणाली, केवो डाह्यो छोकरो!
मी बोलले नाही.
ती जागा माझ्या ओळखीची होती.

आमच्या घरी बाबांच्या किल्ल्या बोलायच्या.
फ्रिजवर अलगद ठेवल्या, तर जेवण.
आपटल्या, तर भाऊ पलंगाखाली
आणि मी सतराचा पाढा, पुन्हा, पुन्हा.
पुढे किल्ल्यांचीही गरज उरली नाही.
लूना कोपऱ्यावर कशी वळते त्यावरून कळायचं
आज भाजीत मीठ कमी निघणार.
लोक म्हणायचे, मुलगी काय समंजस!
अजून म्हणतात. बँकेत, लग्नघरात,
कुणाचा ओठ जरासा आवळला
की मी माफी मागून मोकळी.
नवऱ्याने एकतीस वर्षांत आवाज चढवलेला नाही.
तरी तो किल्ल्या काढतो
आणि माझे खांदे वर जातात,
मला न विचारता.

मागे युनिव्हर्सिटीतली एक बाई शिकवायला आली होती,
दोन दिवस, चहा-नाश्त्यासकट.
फळ्यावर मेंदू काढला, तो फ्लॉवरसारखा झाला,
आत एक लाल ठिपका.
बदामाएवढं असतं, म्हणाली,
ते आधी घाबरतं, आपण मागाहून.
सगळ्याजणींनी वहीत बदाम काढला.
मला आईची वाटी आठवली.
रोज रात्री पाच बदाम भिजत घालायची,
चार भावाला, एक मला.
त्या वर्षांत घरात काय काय फुटलं,
ती वाटी एकदाही चुकली नाही.
सकाळी दोन बोटांत धरलं की साल सुळकन सुटायची.
मधे कधी पडली नाही ती, बाबांच्या आणि आमच्या.
बदाम मात्र भिजवले.
ह्याचं काय करायचं मला अजून कळत नाही.

शर्वसाठी मी वेगळं काही केलं नाही.
दुपारी त्याच्यापासून हातभर लांब बसून मटार सोलले,
त्याच्याकडे न बघता.
उठताना सांगायची, "खाली जाते, दूध आणते, येते."
आणि यायची.
रोज. पावसात, नवरात्रात, गुडघा सुजलेला असताना.
दिवाळीनंतर एक दाणा
त्याने माझ्या ताटलीतून घेतला.
त्यानंतर महिनाभर काहीच नाही.

उत्तरायणाच्या दुसऱ्या आठवड्यात
तारांवर फाटके पतंग लोंबत होते,
मी न सांगता दातांच्या डॉक्टरकडे गेले.
विलासबेनचा फोन: "बेन, पेलो शर्व,
ऐकतच नाही, झेरॉक्सवाला वर आलाय."
मागे आवाज होता.
सात महिन्यांत पहिल्यांदा ऐकला मी तो आवाज,
फाटलेला, बेसूर, पूर्ण.
सूरसागरपाशी रिक्षा अडकली,
अर्धा जबडा बधिर,
आणि मी रडत होते की हसत
ते रिक्षावाल्यालाही ठरवता येईना.

पोचले तर आधी मूठ उगारून मारलं त्याने,
मांडीवर, जोरात.
मग तिथेच तोंड खुपसलं.

संध्याकाळी आत्या म्हणाली,
"हल्ली त्रास देतो वाटतं?"
ओठ आवळलेला होता तिचा.
"हो," मी म्हटलं, "देतो."
आणि पुढे काहीच बोलले नाही.