बरणी

शेगडी पेटवायचं काम माझं.
मुलं यायच्या आधी, आठाला,
स्प्रूसच्या चार ढलप्या, वर एक ओंडका.
खिडकीबाहेर सगळं स्वानेती
अजून पांघरुणातच.

सोमवारी नातेला बाई म्हणाल्या,
दारिको मावशी, एक काचेची बरणी द्या.
जोंजोलीच्या लोणच्याची दिली, धुऊन.
सातही मुलं अंगणात गेली
आणि काठोकाठ बर्फ भरून आणला, न दाबता.
बेकानं दाबला होता,
ग्वांत्सानं त्याला परत भरायला लावला.

मग बरणीला लोकरीचे धागे बांधले,
वितळल्यावर पाणी कुठवर येईल, ज्याचा त्याचा अंदाज.
त्सोत्नेचा धागा अगदी काठाशी:
जाईल कुठं?
लामाराचा निम्म्यावर.
मला कुणी विचारलं नाही.
मी मनात म्हटलं, चार बोटं.
साठ हिवाळे छपरावरून फावड्यानं ओढलेत,
बर्फाचं पाणी मी कधीच जोखलंय.

दुपारी पाहिलं तर दोन बोटं.
त्सोत्ने टेबलाखाली वाकून बघून आला,
सांडलंय का.
तळाशी स्प्रूसची एक सुई
आणि काजळी, माझ्याच धुराड्याची.
इतका पांढरा होता की, दिना म्हणाली,
आणि पुढं काही बोललीच नाही.

आता लिहा, बाई म्हणाल्या.
'बर्फ' हा शब्द न वापरता.
अर्धा तास एकटी शेगडी बोलत होती.
संध्याकाळी झाडताना मी वह्या उघडल्या,
मी बोट फिरवत वाचते, हळू.
त्सोत्नेनं लिहिलं होतं:
त्यात जास्त करून काहीच नव्हतं.
ते काहीच नसलेलं आम्ही दोघांनी उचलून आणलं.
जड होतं.

मग त्यांना वेडच लागलं:
किती बरण्या ओतल्या की एक बरणी भरते?
गुरुवारी उत्तर आलं, नऊ.
भरलेली बरणी, झाकण घट्ट,
मी फळी पुसायला म्हणून खिडकीत ठेवली
आणि घरी गेले.

शुक्रवारी दार उघडलं.
खिडकीत बर्फाचा खांब उभा, बरणीच्या मापाचा,
काच अंगावरून सालीसारखी सुटलेली.
आता माझ्या डोक्यावर खापर फुटणार, मी म्हटलं,
खापर तर फुटलेलंच होतं.

मांजरानं पाडली, बेका म्हणाला.
पडली असती तर खाली असती, ग्वांत्सा म्हणाली.
मी झाडू धरून उभी.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलांकडे.
कुणी फोडली ते लिहू नका.
काय झालं ते लिहा.

हातमोजे घालून त्यांनी तो खांब मोजला,
काचा जुळवून बरणीची उंची मोजली.
खांब बोटभर जास्त भरला.
लामारानं लिहिलं,
पाण्याला रात्री जागा हवी होती.
झाकणानं दिली नाही.

आणि मग बाईंनी आठवी वही माझ्यापुढं सरकवली.
या वयात पांढऱ्यावर काळं करायचं म्हणजे!
शेवटची सही मी वीजबिलावर केली होती.
लिहिलं:
खिडकीत ठेवली. शेगडी नऊला विझली.
रात्री फार थंडी होती.
खाली 'मी' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

त्सोत्नेनं डोकावून एक चूक काढली,
एक अक्षर मी उलट्या तोंडाचं काढलं होतं.
बरोबर होतं त्याचं.

सोमवारी दुसरी बरणी नेली.
लोणचं संपलं नव्हतं,
वाडग्यात काढून ठेवलं.
झाकण घरीच राहू दिलं.