सहा माग, नऊ कोंबड्या

माग होते तोवर मुंगूस आलं नाही.
हे आत्ता कळतंय,
तिसरी तलंग गेल्यावर,
खुराड्याच्या मागच्या फळीत हात घातला
आणि तो सरळ पलीकडच्या बोळात निघाला तेव्हा.

सहा धोटे रात्रंदिवस पळायचे,
भिंत हलायची, फडताळात कपबशी सरकायची.
कोंबड्या त्याच खटखटीत निजायच्या,
त्यातच अंडी घालायच्या, खुडूक बसायच्या.
मग माग गेले भंगारात, किलोवर.
ट्रॉली विट्याच्या नाक्यावरून वळली
आणि त्या रात्री आमच्या गल्लीत
पहिल्यांदा रातकिडे ऐकू आले.
आम्हाला ऐकू आलं
तसं त्यालाही आलं असणार:
पत्र्याखाली बारा जीव कूस बदलतात ते.

आता नऊ.

खुराडं भाऊजींनी ठोकलेलं,
गलाईला सेलमला गेले त्याच्या आदल्या महिन्यात,
तासगावच्या द्राक्षपेट्यांच्या फळ्यांचं.
एका फळीवर अजून अर्धा घड हिरवा आहे.
बाकीचा वाळवीनं खाल्ला.
कोयंडा गंजून हातात आला,
दार नुसतं दोरीच्या भरवशावर.

फोनवर हे म्हणाले, विकून टाक.
विकून टाकायची यांना सवयच लागलीय.
मी फोन फळीवर ठेवला
आणि आतली विष्ठा खुरप्यानं खरवडत राहिले.
ते बोलत होते बराच वेळ.

दुपारी मुनाफभाई जॉबर आले पान्यांची पिशवी घेऊन.
सहाही माग त्यांच्या हाताखालचे.
आता पिशवीतले निम्मे पाने कुठल्याच नटाला लागत नाहीत,
तरी सगळे आणतात.
मी आणलेली जाळी त्यांनी अंगठ्यानं मापली.
"वहिनी, ही कोंबडीला आत ठेवंल.
मुंगसाला भाईर न्हाई ठेवायची.
बारीक आणा, अर्ध्या इंचाची.
आन जमिनीत वीतभर गाडा.
त्ये दाराशी भांडत न्हाई, खालनं येतंय."

म्हणून अनुजानं चर खणला.
मुरूम कडक, कुदळ टणकन उडायची.
कोपऱ्यात एक कांडी सापडली,
मातीनं भरलेली,
नखानं खरवडली तर आत सूत, लाल.
किती वर्षं कांड्या भरल्या मी,
ही कधी घरंगळली कोण जाणे.
अनुजा म्हणाली, ठेवू का?
मी म्हटलं, चरातच टाक.
तिनं खिशात घातली.

फटीत चुना भरला, तळाला राख,
वर कडुनिंबाचा पाला, उवांसाठी.
बसायला दांडी हवी होती.
भंगारवाल्यानं लोखंड काढून घेऊन
टाकून दिलेला कापडाचा रूळ होता,
लाकडाला कुठलं वजन.
"लई गुळगुळीत हाय, पाय घसरतील," मुनाफभाई म्हणाले.
व्यापाऱ्यानं डाग दाखवून परत पाठवलेला
शेवटचा तागा मी पेटीतून काढला,
फाडला,
रुळाला गुंडाळला घट्ट, डागाची बाजू वर.
ते काही बोलले नाहीत.
पाना उगाच पुसत बसले.

दिवेलागणीला एकही कोंबडी आत जाईना.
काबरी दारात उभी,
एका डोळ्यानं घर बघतेय,
मग दुसऱ्या डोळ्यानं.
पाव्हणी हुंडा मोजायला आल्यासारखी.
शेवटी एकेक उचलून आत सोडली.
कोंबडं तेवढं आपल्या पायानं गेलं, सगळ्यांत शेवटी,
जणू त्यानंच सगळ्यांना पाठवलं.

रात्री ते आलं.
जाळीवर नख ओढल्याचा आवाज,
मग माती. बराच वेळ माती.
बॅटरी हातात होती, लावली नाही.
खणणं थांबलं. बोळातला पत्रा वाजला.
मग काही नाही.

पहाटेच्या आधी कधीतरी
कोंबड्या रुळावर सरकल्या,
रूळ खोबणीत हलला: खट्.
थोड्या वेळानं पुन्हा, खट्.
एका बाजूला ढिलं राहिलंय.
उद्या पाचर मारायला हवी.

परवा मारीन.