शून्यापासून

बोहिनच्या उतारावर वितोमीरच्या आठ पेट्या,
एका ओळीत, प्रत्येकीच्या दाराला रंगवलेली फळी.
एकीवर शिकाऱ्याची प्रेतयात्रा, खांदेकरी सगळे ससे.
एकीवर अस्वल.
एकीवर नुसता निळा, कारण बाकीचे रंग संपले होते.

नात नेयका, मांडीवर लॅपटॉप:
वजन[०], वजन[१]…
पेटीला एक खण, खणाला एक आकडा.

"आजोबा, पाच हलकी झालीय. उघडा."
त्यानं टोकापासून बोटानं मोजलं,
एक, दोन, तीन, चार, पाच,
आणि झाकण उचललं
एका भरल्या, सुखी घराचं,
ज्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मानेवर तीन डंख.
"माझं एक म्हणजे तुझं शून्य!
आधी सांगायचं ना, पोरी."

कांदा चोळून झाल्यावर दोघं अस्वलापाशी.
आत मूठभर माश्या, निपचित. राणी नाही.
संध्याकाळी नवं मोहोळ आणून ओतलं.

वजन[५] = ११.४
नेयकानं टंकलं, आणि जुना आकडा गेला.
कुठे? कुठेच नाही.
यंत्राला सुतक नसतं.

वितोमीरनं मेलेल्या माश्या फडक्यात बांधून
नाशपातीखाली पुरल्या.
फळीवरचं अस्वल तेच ठेवलं;
माश्या कुठे मोजतात, त्या रंगावरून घरी येतात.

"आणि आठ विचारलं तर?"
"सातलाच संपतं, आजोबा. पुढे चूक येते."

त्यानं ओळीच्या पलीकडे पाहिलं.
तिथे कुंपण होतं, गवत होतं,
आणि एक चुकलेली माशी
फुलाफुलाला विचारत होती.