गुरुवारी वीज नसते

गणेशखिंड रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात
तळमजल्याला, जिन्याखाली, समुद्र आहे.
दोनशे लिटर.
मीठ मी घालतो, लिटरमागे पस्तीस ग्रॅम, काट्यावर तोलून.
घरच्या आमटीत कधी चिमूट टाकली नाहीत, बायको म्हणते,
आणि ते खरंच आहे.

काचेत सात पोवळी.
रविवार पेठेत सोनार चिमट्यात धरून दाखवतो ती लाल नव्हेत.
ही तपकिरी, मळकट हिरवी,
नव्या पोरांना पहिल्यांदा शेणच वाटतं.
रात्री दिवे मालवले की
इवलीशी बोटं बाहेर काढतात.
हे मी पाहिलंय, कारण कुलूप मीच लावतो.

प्रयोग तांडेल मॅडमचा. मालवणच्या.
वडील होडीतून पर्यटक नेतात,
आणि नांगर कुठे टाकू, हे आता लेकीला विचारतात.
आधी विचारत नव्हते?
"आधी मलाही कुठे ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

त्यांनीच सांगितलं,
पोवळ्याच्या कातडीत शेवाळ राहतं. भाडेकरू.
रांधतो तो, मालक आयता जेवतो.
मी म्हटलं, पुण्यात असा भाडेकरू मिळाला
तर मालक पाटीवरचं 'फक्त शाकाहारी' पुसून टाकील.
त्या हसल्या. मग म्हणाल्या,
पाणी तापलं ना, नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश,
पण महिना महिना,
की मालकच त्याला बाहेर काढतो.
आणि पांढरा पडतो.
मेला? मी विचारलं.
नाही हो. उपाशी.

पाषाणला हवामानवाले समुद्राचा ताप मोजतात,
इथून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर.
त्यांचा नकाशा मॅडमनी दाखवला होता.
लक्षद्वीपपाशी जो रंग होता
तो माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या शालूचा.
मी तसं बोललो नाही.

मग एप्रिलातला गुरुवार.
गुरुवारी वीज नसते, हे इथे पोराटोरांना पाठ.
इस्त्री बुधवारी, टाकी बुधवारी.
जनरेटर आहे. डिझेल नव्हतं.
मागणीपत्र सहीला गेलेलं.
अकराला एकोणतीस, एकला एकतीस.
मॅडम मालवणात, पाण्याखाली, फोन लागेना.
चौकातल्या रसवंतीवाल्याकडून चार किलो बर्फ आणला,
पिशव्यांत बांधून तरंगत सोडला,
परीक्षेच्या पॅडने वारा घातला.
शिपाई हसले. घाला हसून.
चारला तेहतीस.

शनिवारी सातांतली चार पांढरी, सोमवारी सहा.
मुलीचे दुधाचे दात पत्र्यावर फेकायचो,
तसे, अगदी तसे.

फोनवर मॅडम बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, इथेही खाली तेच आहे, काका.
तुम्ही बर्फ तरी आणलात.
मी कुठल्या पिशवीत बांधू?

मुलगी डबा द्यायला आली ती काचेशी वाकली.
पत्रिकेत मंगळ, म्हणून बोटात पोवळं,
साडेचार रती, हप्त्याने घेतलेलं.
बोट काचेवर टेकवून म्हणाली,
"बाबा, हे लाल आणि ते पांढरं.
यातलं मेलेलं कुठलं?"

लाल, मी म्हटलं.
माझ्याच तोंडून ते ऐकून मला कसंसंच झालं.
ती अंगठी फिरवत राहिली.

सातवं पंपाच्या मागे होतं, सावलीत.
ते तसंच, मळकट, शेणासारखं, देखणं.
त्याचा भाडेकरू चिवट जातीचा असेल, मॅडम म्हणतात,
किंवा नुसतीच सावली. बघू.
तोवर दिवे मंद ठेवायचे,
रात्री ड्रॉपरने भरवायचं,
पाण्याला हात लावण्याआधी साबण नाही.
तीन आठवडे झाले.
काल एकाच्या कडेला
बशीत सांडलेल्या चहाएवढा रंग दिसला.
चष्मा पुसून पाहिलं. होता.
वहीत लिहिलं नाही अजून.

आज बुधवार.
रसवंतीवाल्याला उद्याचं सांगून आलोय.
मागणीपत्र सहीलाच आहे.