झीज वगळून

मानपाड्याच्या सर्व्हिस सेंटरात काचेपलीकडे
माझी गाडी हवेत उचललेली.
तिचं पोट मी आज पहिल्यांदा बघते आहे:
चिखल, एक वाळकं पान,
कुणाच्या तरी वरातीतली चमकी अजून चिकटलेली.
कॉफीच्या यंत्रावर चिठ्ठी, बंद आहे.

टॅब घेऊन आलेला मुलगा म्हणतो,
मॅडम, तुमची वॉरंटी सतरा तारखेला संपते.
अठरा हजार सातशे बेचाळीस भरा,
पुढची दोन वर्षं निर्धास्त.
आजच भरलेत तर चटया फुकट.

निर्धास्त.
बँकेत चोवीस वर्षं लॉकरच्या खोलीत उभी राहून
मी हा शब्द लोकांच्या चेहऱ्यावर बघितलाय.
चावी दोनदा फिरेपर्यंत टिकायचा.

अटी वाचते, चष्मा काढून, कागद नाकाशी धरून.
ब्रेक पॅड नाहीत. क्लच प्लेट नाही.
रबर, बेल्ट, बल्ब, वायपर, काही नाही.
झीज होणारे भाग वगळून, असं लिहिलंय.
म्हणजे जे झिजतं तेवढं सोडून
बाकी सगळ्याची हमी.
मला हसू येतं. मुलगाही जरा हसतो,
हे हसू त्याला पाठ असावं.
आणि कलम अकरा:
बाहेरच्या गॅरेजात बॉनेट उघडल्यास करार रद्द.

बाहेरचं गॅरेज म्हणजे हिराजी.
खारेगावात पत्र्याखाली, ना पाटी ना पावती.
कॅलेंडरच्या फाडलेल्या महिन्यामागे
पेन्सिलीनं: ऑइल, प्लग, चहा.
चहा माझ्याच हिशोबात.
इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचा,
मूठ कानाशी, डोळे मिटलेले,
आणि सांगायचा, तिसरा सिलिंडर रुसलाय.
मागच्या महिन्यात या वॉरंटीचं विचारलं
तर म्हणाला, "कनाला पैशे घालतंस ताय? मी हाय ना."

मी हाय ना.
याला कलमं नाहीत, मुदत नाही.
पण मी दिराला जामीन राहून
सात वर्षं त्याचे हप्ते फेडलेली बाई.
'मी आहे ना'ची किंमत
मला दमडीपर्यंत माहीत आहे.

मुलाच्या छातीवरची पट्टी वाचते,
प्रणय हि. भोईर.
खारेगाव?
हो मॅडम.
हिराजींचा?
तो टॅब छातीशी धरतो. पट्टी झाकली जाते.
"घेऊन टाका मॅडम," खालच्या आवाजात,
"बाबांना उजव्या कानानं ऐकू येत नाही आता.
सांगत नाहीत. अंदाजानं बोलतात."

हे विक्रीचं बोलणं की घरातलं,
मला ठरवता येईना.
त्यालाही येत नसावं.
उद्या सांगते, म्हणाले. चटया गेल्या.

मेट्रोच्या खांबांच्या रांगेत, दुसऱ्या गिअरवर,
एक बारीक किरकिर.
घराचं वळण सोडलं, साकेतचा पूल ओलांडला.
हिराजीनं बॉनेट उघडलं.
स्क्रूड्रायव्हरची मूठ उजव्या कानाशी नेली,
थांबला,
मग डावीकडे घेतली, अंग वाकडं करून,
जसा काही जन्मभर तसंच ऐकत आलाय.
"काय नाय," म्हणाला. "बेस चालली."

किरकिर चालूच होती.
मी म्हटलं, बेल्ट असेल का?
तो इंजिनाकडे बघत राहिला बराच वेळ.
"बेल्टच," म्हणाला,
आणि पोराला दोन चहा सांगितले.
प्रणय भेटला होता, हे मी बोलले नाही.

पैसे सोळा तारखेला भरले. पूर्ण.
गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ते डब्यातलं कॉम्प्युटर,
ज्याचा आवाजच नसतो,
ते सगळं आता काचेपलीकडच्यांचं.
झिजणारं मात्र त्यांनी स्वतःहून सोडलंय.
तेव्हा बेल्ट, ब्रेक, रबर हिराजीकडे,
कलम अकरा गेलं खड्ड्यात,
असं बारावं कलम मी लिहून ठेवलंय
त्याच कॅलेंडरच्या कागदावर, पेन्सिलीनं,
चहाच्या ओळीखाली.