क्रम

बावीस वर्षं ती माझ्या उजव्या हाताला उभी राहिली,
पियानोची कड जिथे आत वळते तिथे,
एक तळवा लाकडावर टेकून.
ऐट म्हणून नव्हे. खर्जाचा कंप तिला हातातून कळायचा.

ऑर्लीन प्रेलो, चार्ल्सटनची.
आडनाव कुणालाच धड म्हणता यायचं नाही
आणि ती दर गावात, दर निवेदकाला
पुन्हा शिकवायची, प्रे-लो, प्रे-लो,
पोराकडून पाढा म्हणवून घ्यावा तशी.

तेव्हाचा रिवाज असा:
आधी इटालियन, मग जर्मन, मग मध्यंतर,
मग थोडं नाजूक फ्रेंच,
आणि अगदी शेवटी, लोक खुर्चीखाली टोप्या शोधू लागले की
तिच्या पणजीची गाणी.
दोन, फार तर तीन.
तोंडी लावायला.

डेटनमध्ये, सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत,
हॉल गारठलेला, माझी बोटं काखेत,
तिने छापून आलेल्या चारशे दहा पत्रिका
दुपारभर कात्रीने कापल्या
आणि डिंकाने उलट्या क्रमाने चिकटवल्या.
मी म्हणालो, आयोजक पैसे देणार नाहीत.
"नाही देणार," ती म्हणाली, "ती बाटली इकडे दे."
नाहीच दिले.
परतीच्या बसमध्ये आम्ही उकडलेली अंडी खाल्ली, मीठ नव्हतं.

पेपरात आलं: निसर्गदत्त आवाज.
अकरा वर्षं जमिनीवर उताणी पडून,
पोटावर जाड पुस्तकं ठेवून
तिने श्वास घोटला होता.
तिने ते कात्रण दोनदा वाचलं
आणि त्यात च्युइंगगम गुंडाळून टाकलं.

सेंट लुइसचा एक टपाल कारकून, लेम्युएल स्ट्रिकलिन,
एकोणसत्तर गाणी लिहून मेला होता. छापलं एकही नाही.
बायकोने ती पांघरुणांच्या पेटीत ठेवलेली;
अजूनही तिसऱ्या पानावर पोचलो
की माझ्या नाकात डांबरगोळ्या शिरतात.
म्हातारीने पैशाचं विचारलंच नाही.
म्हणाली, "मोठ्याने गाशील ना?
तो वाजवायला बसला की शेजारी भिंत ठोकायचे."

कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले,
शब्द तेवढे शुद्ध करून घ्या, लोक हसतील.
"कायद्यानेच अक्षर शिकू दिलं नव्हतं," ती म्हणाली,
"आणि आता शुद्धलेखन तपासताय?"
खरं सांगायचं तर तिने स्वतः
कधी बोलीत गायलं, कधी प्रमाण भाषेत,
एकाच गाण्यात दोन्ही, एकदा टोलीडोमध्ये.
का, ते मलाही सांगितलं नाही.

आयोवाची एक पोरगी, पिवळ्या केसांची, मार्गिट,
विचारत होती, मी गाऊ का ही गाणी, मला चालेल का?
ऑर्लीन इतका वेळ गप्प राहिली
की मी पाण्याचा ग्लास आणला आणि तसाच परत नेला.
"मी जर्मन गायले तेव्हा," ती शेवटी म्हणाली,
"चालेल का, असं मला विचारावं लागलं नाही.
लोकच विचारायचे, खरंच येतं का हिला?
गा. पण आधी गाण्यातली नदी कुठली, ते नकाशात शोध.
आणि रडायचं नाही.
माझी पणजी गाताना रडत नसे. हातात काम असायचं."

पुढे वरचे सूर गेले.
मग ती सगळं खालच्या पट्टीत गायची
आणि मी रात्री बसून पानंच्या पानं खाली उतरवायचो,
पेन्सिलीने, कुरकुरत.

परवा टपालाने एक पत्रिका आली, ऑस्लोहून. मार्गिटची.
स्ट्रिकलिनची पाच गाणी,
सुरुवातीला नाहीत, शेवटीही नाहीत,
जर्मनांच्या नि फ्रेंचांच्या मधोमध, मांडीला मांडी लावून.
मला आनंद व्हावा की राग यावा, ठरेना.
ती असती तर कात्री मागितली असती का?

पहिल्या पानावर अर्पण.
आडनावात एक अक्षर चुकलेलं.
मी पेन्सिल शोधतो आहे.