आटे

पहाटे साडेतीनला पर्वतीच्या पायथ्याशी
मी व्हॉल्व्हला चावी लावतो आणि आटे मोजतो.
अकरा दिले की वरची वस्ती भरते,
बारावा दिला की खालच्या गल्लीत जुना पाईप फुटतो.
हे कुठे लिहिलेलं नाही. हाताला माहीत आहे.

म्हणून डॉक्टर कागदावर पाईप काढायला लागल्या
तेव्हा म्हणावंसं वाटलं, मॅडम, पाईप राहू द्या,
नीट नाव घेऊन सांगा.

विसाव्या आठवड्यात
सोनोग्राफीच्या दारावर पाटी होती,
इथे मुलगा की मुलगी सांगत नाहीत.
आम्ही विचारणारही नाही, अशी करुणाने सही केली.
आतल्या बाई बराच वेळ गप्प होत्या,
मग म्हणाल्या, डावं मूत्रपिंड जरा फुगलंय,
सात मिलिमीटर.
तू कोण आहेस हे कळायच्या साडेचार महिने आधी
तुझं डावं मूत्रपिंड आमच्या ओळखीचं झालं.

सात. मग अकरा. मग चौदा.
घरी पट्टीवर चौदा बघितले,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढे.

जन्मलीस तेव्हाही लगेच तपासणी नाही.
पहिले दोन दिवस बाळ कोरडं असतं,
सूज असून दिसत नाही म्हणे.
तिसऱ्या दिवशी एकवीस.
आता काय करायचं?
थांबायचं, डॉक्टर पेंडसे म्हणाल्या.
पुष्कळांचं आपोआप उतरतं.

आत्याला हे पटेना.
थांबायचंच तर घरी थांबू, रिक्षाचे पैसे तरी वाचतील.
नाव निरंजना ठेवा म्हणाली, नदीचं आहे, वाहतं राहील.
करुणा म्हणाली, नको वन्सं, पाणी पुरे झालं.
मग संघमित्रा. हाक मारताना मित्रा.

रात्री ड्रॉपरने गुलाबी औषध, निम्मं गळ्यावर.
करुणा वहीत लंगोट मांडायची:
दिवसा नऊ, रात्री चार.
उजवं मूत्रपिंड दोघांचं काम ओढतंय,
लंगोटावरून डाव्याचं काही कळत नाही,
डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.
तरी मांडायची.
मीही कधी कधी तिच्या नकळत एखादा वाढवून लिहायचो.

पहिल्या स्कॅनला तुला पट्ट्यांनी बांधून मशीनखाली ठेवलं,
शिरेतून औषध घातलं,
पडद्यावर दोन ठिपके उजळले.
उजवा उजळला आणि विझला.
डावा उजळला आणि तसाच राहिला,
सकाळ झाली तरी कुणी बंद न केलेल्या दिव्यासारखा.
काम त्रेचाळीस टक्के.
तीन महिन्यांनी पस्तीस.
आता नाही थांबायचं, डॉक्टर म्हणाल्या.

त्या सकाळी माझ्या जागी बंडूने पाणी सोडलं.
बारा आटे दिले.
तू आत होतीस आणि फोनवर खालच्या गल्लीतल्या
चव्हाणबाई ओरडत होत्या,
रस्त्यात कारंजं उडतंय, तुम्ही आहात कुठे?
मी म्हणालो, दवाखान्यात.
त्या म्हणाल्या, मग कुणाला सांगायचं?
मला तरी कुठे माहीत होतं, कुणाला सांगायचं.

अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आल्या.
अरुंद तुकडा काढला, नीट जोडलं,
आत बारीक नळी ठेवलीय, सहा आठवड्यांनी काढू.
टाके किती घातले, मी विचारलं.
करुणाने माझ्याकडे बघितलं, हा काय प्रश्न आहे.
डॉक्टरांनी बोटं जराशी हलवली,
हवेत दोरा असावा तशी,
आणि म्हणाल्या, मोजले नाहीत हो.

नळी निघाली. पोटावर एक रेघ आहे,
आंघोळ घालताना करुणा तिच्याभोवतीनं हात नेते.

आज निघताना तुला उचललं
आणि तू माझा खाकी शर्ट छातीपासून खाली भिजवलास.
यावरून काही कळत नाही, माहीत आहे.
बदलायला वेळ होता.
तसाच चावी घेऊन खाली उतरलो,
रस्त्यावर थंडी होती, ओलं कापड अंगाला चिकटत होतं.
नऊ, दहा, अकरा.
पुढचा स्कॅन मार्चमध्ये आहे.